धरलंय

"अगं बया, जावयाला गाडीखाली घातलाय! ऐन धोंड्याच्या महिन्यात! वाडीत तोंड दाखवायला जागा ठेवणार हायसा का न्हाई?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून अंगणाकडे बघत ओरडत होती. दोन्ही हातांना पुरण. अंगणात चिंचेच्या सावलीत अण्णांची जीप उभी होती, जीपखालून दोन पाय बाहेर आले होते आणि ते माझ्या नवऱ्याचे होते.

"मामी, पाच मिनिटांचं काम आहे," उदय खालूनच म्हणाला.

"मघाधरनं पाचच मिनिटं चाललीत तुमची. अहो, तुम्ही तरी सांगा की त्यास्नी!"

हे अण्णांना होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील हिंदुराव जगदाळे, ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते. डोक्यावर टोपी, अंगात परीटघडीचा सदरा.

आईचं चुकत होतं असं नाही. अधिक महिना म्हणजे जावयाचा महिना. त्याला आवतण द्यायचं, पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे तूप सोडून वाढायचे, वर कापडं करायची. त्यानं फक्त खायचं आणि मान डोलवायची. आणि आमचा जावई सकाळी एसटीतून उतरला, चहा प्यायला, अण्णांची जुनी लुंगी मागून घेतली आणि थेट जीपखाली शिरला. उदयला हौसच दांडगी. पुण्याला एका मोठ्या वर्कशॉपमध्ये तो सुपरवायझर. हाताखाली माणसं असूनही स्वतः पाना हातात घेतल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. बिघडलेली गाडी दिसली की हा माणूस लग्नाच्या पंगतीतून उठेल, हे मी लग्नानंतर वर्षाच्या आतच ओळखलं होतं.

जीप बरेच महिने बिघडलेली होती. फोनवर दर वेळी अण्णा तेच सांगायचे. "क्लच बसलाय. पायडल दाबलं तर भुसभुशीत लागतंय. गिअर पडंना. बाबूलाल येतोय, करतोय काय काय, पर हुईना." बाबूलाल मुलाणी म्हणजे आमच्या फाट्यावरचा मिस्त्री. अण्णांची गाडी कायम त्याच्याच हातात.

आता अण्णा आणि गाडी यांचं काय नातं, ते सांगायला हवं. साखर कारखान्याच्या चेअरमनची गाडी ते आयुष्यभर चालवत आले. निवृत्त झाल्यावर फंडातून ही जुनी जीप घेतली, आणि वाडीला जणू सरकारी गाडीच मिळाली. कुणी बाळंतीण अडली, कुणाला साप चावला, की हाक अण्णांच्याच दारात. शर्यत कधी नाही, घाई कधी नाही. "हिंदुरावांच्या गाडीत बसलं की झोप लागती," असं बायका म्हणायच्या. अण्णांना ते ऐकायला फार आवडायचं. जीप धुतली किंवा दुरुस्त झाली की आळीतल्या सगळ्या पोरांना भरून बंधाऱ्यापर्यंत एक फेरी, हा तर त्यांचा नेमच. वाडीतली कितीतरी पोरं त्या फेऱ्यांवर वाढली. गाडी बंद पडल्यापासून अण्णा पारावरही फारसे जात नाहीत, असं आई म्हणाली होती. म्हणूनच मला वाटत होतं, एवढं काम उदयनं करून द्यावंच. माझ्या बापाला त्याची गाडी परत मिळावी. गाडीबिगर अण्णा म्हणजे नुसतं घरात बसलेलं माणूस, आणि ते मला बघवत नव्हतं.

उदयनं आल्या आल्या पेडल चारदा दाबून बघितलं होतं आणि हसला होता.

"लाइनीत हवा आहे मामा. बाकी काही नाही."

आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात.

"ऱ्हाऊ द्या हो," अण्णा म्हणाले. "तुम्ही पाव्हणं. बाबूलाल बघंल."

"बाबूलालनं बघूनच ही दशा झाली." आणि मग, उदयला कुठे थांबावं ते कधी कळलं नाही, तो पुढे म्हणाला, "चालवताना क्लचवर पाय ठेवून बसायची सवय आहे का तुम्हाला? जुन्या ड्रायव्हर लोकांना असते."

अण्णांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. मी उदयला डोळ्यांनी दटावलं, पण तो तोवर पाने शोधायला लागला होता.

हवा काढायचं काम दोघांचं असतं. एक जण वर बसून क्लचचं पेडल दाबतो. दुसरा गाडीखाली, क्लचच्या खालच्या सिलिंडरपाशी. वरच्यानं पेडल चारपाचदा मारायचं, मग दाबून धरायचं आणि ओरडून सांगायचं, "धरलंय!" मग खालचा एक छोटा निपल पान्यानं सैल करतो, त्यातून तेल आणि तेलाबरोबर हवा फसफसत बाहेर येते, वरचं पेडल आपोआप तळाला जातं. खालच्यानं निपल आवळला आणि "सोडा" म्हटलं, की मगच वरच्यानं पाय उचलायचा. त्याआधी उचलला तर मघाशी काढलेली हवा परत आत. सगळा खेळ एकमेकांवरच्या भरवशाचा, कारण खालच्याला वरचा पाय दिसत नाही. त्याला फक्त "धरलंय" ऐकू येतं.

मला काम होतं बॉनेटपाशी. तिथल्या डबीतलं क्लचचं तेल कमी झालं की भरायचं.

"दाबा मामा. अजून दाबा. धरा!"

"धरलंय!"

खाली फसफस झाली. मग एक वेगळाच आवाज आला, कुणी ओठ मिटून श्वास आत ओढावा तसा.

"सोडा. परत दाबा."

असं किती वेळा झालं कोण जाणे. दर वेळी उदय बाहेर येऊन पेडल दाबून बघायचा, आणि ते सकाळी होतं तसंच मऊ. उन्हं वर चढली. आळीतली पोरं शाळेला सुट्टी म्हणून आमच्या अंगणात जमली. आमची मुक्ता सात वर्षांची, ती त्यांची पुढारी. शेजारच्या दोघी-तिघी कुंपणापाशी उभ्या राहून जावयाचं कौतुक बघत होत्या. उदयच्या बनियनचा रंग कळेनासा झाला होता. वर्कशॉपमध्ये पोरासोरांना दाखवायचं काम त्याला सासुरवाडीत जमेना, आणि तेही सगळ्यांदेखत. त्याचे कान लाल व्हायला लागले.

तेल भरून डबीचं झाकण लावलं आणि मी सांगायला म्हणून ड्रायव्हरच्या बाजूला गेले. जीपला दारं नव्हती. अण्णांचा पाय मला सरळ दिसत होता.

"धरा मामा!"

"धरलंय!" अण्णा मोठ्यानं म्हणाले.

पेडल तळाला गेलं. आणि खाली निपल उघडा असतानाच अण्णांनी सावकाश, खाली मान घालून, बघत बघत पाय उचलला.

मला वाटलं चुकून झालं. मी तिथेच उभी राहिले. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. तोंडानं खणखणीत "धरलंय" आणि पाय वर. त्यांनी नजर उचलली तेव्हा मी त्यांच्यासमोरच होते. ते माझ्याकडे न बघता समोरच्या काचेकडे बघत राहिले.

माझ्या बापाला खोटं बोलताना मी त्या दिवसापर्यंत पाहिलं नव्हतं. चेअरमनच्या गाडीतलं डिझेल विकून ड्रायव्हर लोकांनी माड्या चढवल्या, अण्णांनी थेंब विकला नाही, हे सगळा तालुका जाणतो. आणि तो माणूस जावयाचं, जो बिचारा त्याच्यासाठी मातीत लोळत होता, त्याचं चारचौघांत हसं करत होता. कशासाठी? सकाळच्या त्या एका वाक्यासाठी. जुन्या ड्रायव्हर लोकांना सवय असते म्हणाला म्हणून. मला दुसरं कारण सुचेना. मला अण्णांची इतकी लाज वाटली की मी परत बॉनेटकडे गेले आणि उगाच डबी पुसत बसले.

उदय बाहेर आला. गुडघ्यावर हात ठेवून त्यानं शब्द जुळवले.

"मामा, रागावू नका. पाय मध्येच वर येत नाही ना?"

कुंपणापाशीची कुजबुज थांबली. आई पुन्हा दारात आली होती.

"जावईबापू," अण्णा म्हणाले, "ह्याच पायानं चेअरमनसायबास्नी मुंबईला न्हेऊन आणलाय. मागं बसल्याल्याच्या हातातला चहा सांडला न्हाई कधी."

"तसं नाही हो मामा..."

"मग कसं?"

आता जावई सासऱ्याला याहून पुढे काय विचारणार? वर्कशॉपमधला पोऱ्या असता तर उदयनं एव्हाना त्याच्या खानदानाचा उद्धार केला असता. इथे त्यानं लुंगीला हात पुसले आणि दुसऱ्या कुणावर तरी राग काढला.

"मग त्या मिस्त्रीनंच सिलिंडरचं रबरी सील उलटं बसवलंय. दुसरं काही असूच शकत नाही. कोण हा बाबूलाल? बोलवा त्याला. माझ्यासमोर खोलू दे. गाड्या दुरुस्त करतो का भंगार करतो, विचारतोच."

मी अण्णांकडे बघितलं. बाबूलालचा आणि त्यांचा घरोबा पंचवीस वर्षांचा. ईदेला शिरखुर्म्याचं पातेलं पहिलं आमच्याकडे यायचं. आता तरी अण्णा बोलतील असं मला वाटलं.

"व्हय," अण्णा म्हणाले. "त्येला अक्कलच न्हाई. म्हातारा झालाय त्यो बी."

एक पोरगं बाबूलालला बोलवायला पळायच्या बेतात होतं. मी फडकं खाली ठेवलं.

"कुणी कुठं जायचं न्हाई," मी म्हणाले. "अण्णा, उठा तुम्ही. मी बसते."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"दाबायचं आणि धरायचं. एवढंच हाय न्हवं?"

माझा आवाज नको तितका कडक झाला. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी पाहिलंय हे त्यांना कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं, पण राग नव्हता. ते दांडीला धरून, एकेक पाय बघून टाकत खाली उतरले.

"वैजे!" आई ओरडली. "घरात ये आधी. पुरण करपाय लागलंय. आणि जावईबापू, ऱ्हाऊ द्या ती गाडी, माझ्या गळ्याची आण हाय तुम्हास्नी."

"करपू दे," मी म्हणाले.

मी सीटवर बसले, पदर खोचला, चपला काढून पाय पेडलवर ठेवला. उदय खाली गेला.

"दाब. अजून. धर!"

"धरलंय!"

खाली फसफस झाली आणि माझ्या पायाखालचं पेडल हळूहळू तळाला गेलं. पोटरी भरून आली तरी मी हलले नाही.

"सोड!"

पाच-सहा वेळा असं केलं असेल. दर खेपेला पेडल थोडं अधिक घट्ट लागायला लागलं, आणि शेवटी तर दाबायला जोर लावावा लागला. उदय बाहेर आला, हातानं पेडल दाबलं आणि त्याचा काळा झालेला चेहरा एकदम उजळला. गाडी चालू करून त्यानं एकामागून एक सगळे गिअर टाकून दाखवले. कुठे कुरकुर नाही की काही नाही. पोरांनी एकच गिल्ला केला. कुंपणापाशीच्या बायका म्हणाल्या, "जावई गुणाचा हाय गं." आणि मी? मी खुशीत होते. नवऱ्याची अब्रू राखली, बाबूलालची राखली, आणि अण्णांना चांगली अद्दलही घडली असं वाटत होतं. आज इतक्या वर्षांनी, अण्णा नाहीत आणि ती जीपही नाही, तरी माझी ती खुशी आठवली की अंगावर शहारा येतो.

"फेरी! फेरी!" पोरं जीपमध्ये चढायलासुद्धा लागली. मागच्या दोन्ही बाकड्यांवर दाटीवाटीनं बसली, दोघं-तिघं मधे उभी राहिली. मुक्ता पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशेजारी, मानाच्या जागेवर.

"आधी जेवणं हुंद्या," अण्णा म्हणाले.

"व्हय, जेवणं हुंद्या," आई घाईघाईनं म्हणाली. "ताटं वाढलीत."

"पाच मिनिटांची तर फेरी," उदय म्हणाला. "पोरांचं मन मोडू नका मामा. घ्या." आणि त्यानं किल्ली अण्णांपुढे धरली. "गाडी नवी कोरी झाली. आता काही सबब नाही."

तो हे सरळ मनानं, हसत बोलला. अण्णांनी किल्ली घेतली. सदऱ्याला हात पुसले, जीपमध्ये चढले. मागं वळून पोरांकडे एकदा बघितलं. मग गाडी चालू केली.

मी त्यांच्या बाजूलाच उभी होते. अण्णांनी समोर बघत, सराईतपणे डावा पाय टाकला आणि क्लच दाबला. म्हणजे त्यांना तसं वाटलं. पाय पेडलच्या शेजारी, नुसत्या पत्र्यावर पडला होता. ते पूर्ण जोर लावून पत्रा दाबत होते. हात गिअरच्या दांड्यावर गेला, गिअर ओढला, आणि खाली कर्र असा आवाज झाला. तेव्हा त्यांनी खाली वाकून बघितलं. डोळ्यांनी पाय हुडकला, सरकवून पेडलवर नेला. तो तिथे पोचला का नाही हेही त्यांना बघूनच कळत होतं.

सकाळपासून ते खाली मान घालून, बघत बघत पाय का उचलत होते, ते मला त्या वेळी समजलं. तो राग नव्हता, सूड नव्हता. पाय त्यांचा उरला नव्हता, आणि गाडी बिघडलेली असणं हेच एक पांघरूण त्यांच्याकडे होतं. ते मी आणि माझ्या नवऱ्यानं मिळून सगळ्या आळीसमोर ओढून काढलं होतं.

अण्णांनी गाडी बंद केली.

"हवा ऱ्हायलीय अजून, जावईबापू."

"शक्यच नाही." उदयनं हात घालून पेडल दाबलं. "दगडासारखं आहे. बघा तुम्हीच."

"ऱ्हायलीय. मला कळतंय की."

"मामा," उदय सगळ्यांकडे बघत हसून म्हणाला, "तुम्हाला गाडी चालवायचीच नाही असं सांगा ना सरळ!"

पोरं खिदळली. मुक्तासुद्धा. अण्णांची मान खाली गेली. मी दोन्ही हातांनी जीपची दांडी धरली.

"हवा असंल," मी म्हणाले. "माझ्याच हातनं चुकलंय. मी मधीच पाय उचलला."

उदय माझ्याकडे बघायला लागला. "कधी?"

"दोन-तीनदा. दमले हुते."

"आणि 'धरलंय' म्हणून ओरडत होतीस ती?"

"खोटंच म्हणत होते."

"वैजू, मी खाली पडून... अगं डोळ्यांत तेल उडालंय माझ्या! एवढं साधं काम सांगितलं तुला, पाय धरून ठेवायचं, तेवढंही..." तो थांबला, पण व्हायचं ते झालं होतं. कुंपणापाशीच्या बायका आता माझ्याकडे बघत होत्या. उदयला माझ्यावरचा राग आवरत नव्हता आणि मला तो खरा वाटायला हवा होता, म्हणून मी मान खाली घालून ऐकत राहिले. मुक्ता मघापासून हसत होती, ती गप्प झाली.

"जावईबापू," अण्णा म्हणाले. "तिला बोलू नका. पोरगी खोटं बोलतीय."

"अण्णा, ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले.

"न्हाई. तिनं पाय उचलला न्हाई. उचलत हुतो मी. सकाळधरनं." त्यांनी दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले होते आणि ते त्या हातांशीच बोलत होते. "साखरंच्या आजारानं पाय मेलाय माझा. घोट्याखाली काय बी कळत न्हाई. काटा मोडला तरी कळत न्हाई. गेल्या दिवाळीच्या म्होरं देवळापाशी क्लचवरनं पाय सुटला, मला समाजलंच न्हाई, आणि गाडीनं उडी घेतली. आपल्या आळीतल्या म्हादूचं नातू व्हतं पुढं. वाचलं. गाडी बंद पडली म्हणून वाचलं."

मागच्या बाकड्यावर म्हादूचा नातूही बसलेला होता, त्यानं शेजारच्याकडे बघितलं.

"मग क्लचचं तेल बदलून बाबूलाल हवा काढाय लागला, तवा मी पायडलवर. खरंच पाय उचलला गेला माझा, चुकून. त्यो म्हणला, हवा ऱ्हायली. मला वाटलं, बरं झालं. गाडीच चालंना म्हणलं की कुणी विचारत न्हाई. तवापास्नं उचलतच आलोय. बाबूलालचा हात चोख हाय. त्येला मी उगं नावं ठेवली."

आई दारातच खाली बसली होती. तिला सगळं ठाऊक होतं. सकाळपासूनचा तिचा आरडाओरडा जावयाच्या मानासाठी नव्हताच.

उदयचं तोंड उतरलं. मग तो जवळ गेला आणि मी पहिल्यांदाच पाहिलं, त्यानं तेलानं बरबटलेला हात सासऱ्याच्या गुडघ्यावर ठेवला. "मामा, मला तरी सांगायचं होतंत."

"काय सांगू? ड्रायव्हरनं काय सांगायचं, पाय न्हाई म्हणून?"

अण्णांनी किल्ली काढली आणि त्याच्या हातात दिली. खाली उतरले. उतरताना मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही.

"आजोबा," मुक्ता म्हणाली, "मग फेरी नाही?"

अण्णा थांबले. जीपमध्ये पोरं तशीच बसली होती. कुणी उतरत नव्हतं, कुणी फेरी मागतही नव्हतं.

"हाय की," ते म्हणाले. "बसलीत तर न्या जावईबापू त्यास्नी. बंधाऱ्यापातूर."

आणि ते जीपच्या मागे गेले. पोरांनी सरकून जागा केली. माझे वडील स्वतःच्या गाडीत मागच्या बाकड्यावर कधी बसलेले मी पाहिले नव्हते. टोपी वरच्या पत्र्याला लागत होती, म्हणून त्यांनी ती काढून मांडीवर ठेवली. मी त्यांच्या शेजारी चढले. मुक्ता पुढची जागा सोडून मागे आली. उदयनं गाडी अंगणातून बाहेर काढली, इतकी सावकाश की एरवी मी त्याला हसले असते.

वाटेत बायका दारांतून बघत होत्या. गाडी चालू झालेली बघून कुणी हात केला, मग पुढच्या सीटवर अण्णा नाहीत हे बघून हात खाली घेतला. अण्णा रस्त्याकडे बघत नव्हते. ते मांडीवरची टोपी गोल फिरवत होते. पोरं थोड्या वेळानं पुन्हा गलका करायला लागली, आणि त्या गलक्यात ते मला ऐकू येईल एवढंच बोलले.

"वैजू, ल्हानपणी तुला येकदाच मारलं हुतं मी. ध्यानात हाय?"

"व्हय."

"कशापायी?"

"खोटं बोलले म्हणून."

"आज माझ्यासाठी बोललीस. चारचौघांत. नवऱ्याचं बोलणं खाल्लंस." त्यांनी टोपी फिरवायची थांबवली. "आता कुणी कुणाला मारायचं, सांग."

मी मुक्ताला मांडीवर ओढून घेतलं आणि बाहेर बघत राहिले.